खाऱ्या तलावाचे पंधरा दिवस

शुक्रवार, १ मे १९७०

आज घडले ते क्रमाने :

१. सकाळी साडेसात वाजता आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष उत्तमराव यांनी मुलींच्या वसतिगृहामागच्या पोहण्याच्या तलावावरील नव्या यंत्रापुढे नारळ फोडला. महाराष्ट्राला दहा वर्षे झाली म्हणून आजचा दिवस धरला.

२. तलावात संस्थेच्याच विहिरीचे पाणी आहे. खारे. लिटरला अडीच ग्रॅम मीठ. मी स्वतः मोजले आहे.

३. मुलींचे पोहण्याचे शिबिर १५ एप्रिलला सुरू झाले. तेव्हापासून ३० एप्रिलपर्यंत हे पाणी ब्लीचिंग पावडरने शुद्ध केले. ते काम शाळेची रसायनशास्त्राची शिक्षिका म्हणून माझ्याकडे होते.

४. आजपासून १५ मेपर्यंत इथल्या मिस्त्री इंद्रभानने बनवलेले यंत्र ते काम करील. दोन्ही पंधरवड्यांच्या नोंदी मी ठेवायच्या आणि कोणती रीत बरी याचा अहवाल मी द्यायचा.

५. यंत्र म्हणजे सिमेंटचे लांबट टाके, त्यात कार्बनच्या चाळीस कांड्या, आणि वीज. तलावाचे पाणी पंपाने टाक्यात येते, कांड्यांमधून जाते, तोटीतून परत तलावात पडते. पाण्यातल्या मिठापासूनच क्लोरीन तयार होतो.

६. कांड्या टुरिंग टॉकीजच्या आहेत. सिनेमाच्या मशीनमध्ये जळून आखूड झाल्या की फेकून देतात. इंद्रभानने त्या वडनेर भोलजीच्या तंबूतून जमवल्या.

७. या कांड्यांवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तो घासून काढायला हवा होता. काढलेला नाही. असाच राहिला तर तांबे पाण्यात उतरेल.

८. मी ते पाहिले. बोलले नाही. कोणी विचारले नाही.

९. उत्तमराव भाषणात म्हणाले, "हे मिठाचं यंत्र हाय. आता आपल्या पान्याले औषध लागत नाही." या दोन वाक्यांत दोन चुका आहेत.

१०. आठ वाजता, यंत्र सुरू झाल्यावरची पहिली उडी कोकिळाने मारली. टाळ्या झाल्या.

कोकिळा वसतिगृहाची व्यायामशिक्षिका आहे. डोणगावच्या पंजाबरावांची मुलगी, वय बावीस. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. उडी मारण्याआधी तिने इंद्रभानच्या कपाळावरचा सिमेंटचा डाग आपल्या ओढणीने पुसला. सगळ्यांसमोर. ती त्याला इंद्रभानभाऊ म्हणते. पण आपल्याकडे कोणीही कोणालाही भाऊ म्हणते. त्यावरून काही सिद्ध होत नाही.


रविवार, ३ मे

सुट्टी असूनही तीन वेळा नमुने घेतले. इंद्रभानच्या यंत्राचे आकडे : सकाळी १.०, दुपारी ०.८, संध्याकाळी ०.९. म्हणजे लिटरमागे इतके मिलिग्रॅम क्लोरीन पाण्यात शिल्लक.

माझ्या पंधरवड्याचे आकडे शेजारी मांडले. सकाळी ३.०, दुपारी ०.९, संध्याकाळी ०.२. रोज जवळजवळ हेच. आलेख काढला. माझी रेषा डोंगरासारखी चढते, पडते. त्याची सरळ, आखणीच्या पट्टीने मारल्यासारखी.

ही सरळ रेषा मला आवडत नाही. हे शास्त्रीय मत नाही, म्हणून इथे लिहिते, अहवालात नाही.

मुलींना वाटते की मिठाच्या पाण्यात क्लोरीन नसतो म्हणून डोळे चुरचुरत नाहीत. हे चूक आहे. दोन्हीकडे क्लोरीन एकच. पावडरमध्ये तो खामगावहून पोत्यात येतो आणि मे महिन्याच्या उन्हात पोत्यातच निम्मा उडून जातो. यंत्रात तो जागेवर, थोडाथोडा, दिवसभर तयार होतो. डोळे चुरचुरतात ते एकदम जास्त पडल्यामुळे, आणि पावडरीतल्या चुन्यामुळे. शिवाय अश्रू स्वतः खारट असतात, त्यामुळे किंचित खारे पाणी डोळ्याला परके वाटत नाही.

पावडर दिवसातून तीनदा थोडीथोडी टाकता आली असती. मी पहाटे पाचला एकदाच टाकत होते. मुली सहाला येतात. त्या पाण्यात असताना तिथे उभे राहण्याचे मला काही कारण नव्हते.

एप्रिलमध्ये दोन घरांनी मुली शिबिरातून काढून नेल्या. कारण डोळे लाल होतात असे दिले. मी त्या दोघींचे डोळे तपासले होते. लाल नव्हते. त्याच आठवड्यात आमच्या वस्तीतल्या चार मुली शिबिरात आल्या होत्या. नोंदवहीत मी कारण 'डोळे' असेच लिहिले आहे, कारण पालकांनी तेच सांगितले.


मंगळवार, ५ मे

इंद्रभानने परीक्षानळ्यांसाठी सागवानी लाकडाचा घोडा करून आणला. बारा भोके, प्रत्येकाखाली आकडा कोरलेला. म्हणाला, बाई, तुमच्या नळ्या कट्ट्यावर लवंडतात, मी पाहून राह्यलो होतो. मी साहित्याच्या वहीत 'लाकडी घोडा, नग एक' अशी नोंद केली आणि त्याला सही करायला लावली. त्याने सही केली आणि थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग गेला.

नंतर कोकिळाजवळ जाऊन बराच वेळ बोलत होता. दोघांनी दोनदा माझ्याकडे पाहिले. ती हसली.

कोकिळा पोहते तेव्हा पाणी उडत नाही. एवढे मी मान्य करते. इतर मुली पाण्याला मारतात, ती पाण्यात हात घालते आणि पाणी बाजूला होते. चौथ्या वर्षी बापाच्या विहिरीत पोहायला शिकली. पाठीला सुका भोपळा बांधून मोठ्या भावाने वरून ढकलून दिले, म्हणे. ही गोष्ट ती मुलींना रोज सांगते आणि मुली रोज हसतात.

आज मलाही म्हणाली, "ताई, तुम्ही काठावर किती दिवस उभ्या राह्यता? या ना पान्यात. मी धरतो तुमाले." इकडे बायकाही 'धरतो' म्हणतात.

मी म्हणाले, नमुना घेणाऱ्याने पाण्यात उतरू नये, नमुना बिघडतो. ती म्हणाली, मग नमुना घेऊन झाल्यावर या. मुली हसल्या. हिला प्रत्येक गोष्ट सोपी वाटते.

मला पोहता येत नाही. आमच्या गावात विहिरी तीन होत्या. आई घागर घेऊन पायरीवर बसायची, आणि कोणी दयावंत बाई वरून पाणी ओतायची. मी पाणी वरून पडताना पाहिले आहे. खाली उतरून कधी पाहिले नाही.


बुधवार, ६ मे

१.०, ०.९, ०.९. हवा कोरडी. विशेष नाही.


शनिवार, ९ मे

पाण्याला हिरवट छटा आली आहे. उत्तमरावांना ती आवडली. म्हणाले, समुद्रासारखं दिसतं.

तोटीच्या तोंडाशी, जिथे यंत्रातले पाणी सरळ पडते, तिथला नमुना घेऊन अमोनिया टाकला. निळा झाला. तांबे. तलावातले पाणी एक लिटर आटवून पाहिले, त्यातही आहे, पण फार थोडे, लिटरला पाव मिलिग्रॅमच्या आसपास. अंगाला अपाय नाही. तोटीशी मात्र सहा मिलिग्रॅम. ते पाणी पोटात गेले तर उलटी होईल. पण तोटीचे पाणी कोण पिणार?

इंद्रभानला सांगितले असते तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. कांड्या काढायच्या, पॉलिशपेपरने घासायच्या, परत बसवायच्या.

अहवाल १५ तारखेला द्यायचा आहे. चालू चाचणीत मध्येच हात घालू नये, असा नियम आम्हाला नागपूरला शिकवला होता. मी तो पाळते आहे.

कोकिळाने आज इंद्रभानला डब्यातून कढी-भाकरी आणली. त्याने बोटे चाटली.


सोमवार, ११ मे

दोन गोष्टी.

पहिली : संध्याकाळी नमुना घ्यायला गेले तेव्हा कोकिळा आणि इंद्रभान यंत्राच्या खोलीमागे उभे होते. मी आल्यावर गप्प झाले. मी आधीचे एवढेच ऐकले : "तू सांगतं का मी सांगू?" हे कोकिळा बोलली. आणि तो म्हणाला, "पंधरा तारखेनंतर. आधी ते रिपोर्ट लिहू दे. नाहीतर वाटन का रिपोर्टसाठी बोलून राह्यला." ते दोघे आपले लग्नाचे अध्यक्षांना कधी सांगायचे ते ठरवत असावेत. अहवाल चांगला आला तर त्याला तलावाच्या देखरेखीची कायमची नोकरी मिळेल, मग बोलणे सोपे. हिशेब सरळ आहे.

दुसरी : तोटीजवळ गावातल्या सहा-सात बायका घागरी घेऊन आल्या होत्या. पुढे वसतिगृहाची स्वयंपाकीण रुखमाबाई. मी विचारले, काय पाहिजे. रुखमाबाई म्हणाली, "मिठाचं यंत्र हाय ना बाई? मंग पान्यातलं मीठ काढूनच घेत असन ते. इकडून गोडं पानी पडत असन." बाकीच्या बायका माझ्याकडे पाहू लागल्या.

या पट्ट्यात डाळ शिजत नाही, चहा फाटतो, आणि गोड्या पाण्यासाठी बायका उन्हाळ्यात दोन मैल जातात. यंत्राला मिठाचे यंत्र म्हटले तर इथल्या बाईच्या डोक्यात आणखी काय येणार? मुंबई-पुण्याच्या माणसाला हे सुचले नसते.

मी म्हणाले, हे यंत्र मीठ काढत नाही, हे पाणी पिऊ नका. रुखमाबाई म्हणाली, हाव. बायका गेल्या. तांब्याचे मी काही बोलले नाही. हेडमास्तरांना पाटी लावायला सांगावे असे मनात आले. पण पाटीवर कारण लिहावे लागले असते.


बुधवार, १३ मे

सकाळी पोहून आल्यावर मुलींना ताक दिले. साडेनऊपर्यंत अकरा मुलींना उलट्या सुरू झाल्या. धाकट्या दोघींच्या उलट्या थांबेनात. बैलगाडीतून दवाखान्यात नेले. मी गाडीत होते. एकीचे डोके माझ्या मांडीवर होते. तिचे केस ओले होते आणि तिच्या वेणीतून थोडा हिरवट ओघळ माझ्या पातळावर उतरला.

डॉक्टरांनी विचारले, काय खाल्ले. मी म्हणाले, ताक. मग मीच म्हणाले, तांबे असण्याचा संभव आहे. ते माझ्याकडे पाहत राहिले. एवढे अचूक उत्तर त्यांना अपेक्षित नसावे.

दुपारी रुखमाबाईने सांगितले. काल सकाळी तिने तोटीखाली घागर लावली होती. वास येत होता म्हणून एक दिवस उघडी ठेवली. वास गेला. चव खारटच होती, पण तिला वाटले विहिरीपेक्षा कमी. आज त्या पाण्यात ताक केले. ती म्हणाली, "बाई, तुमी नका पिऊ म्हटलं होतं. मले वाटलं, तुमी शाळेसाठी राखून ठेवून राह्यल्या. चांगलं पानी आमाले कोनं कधी सुदं दिलं का?"

आंबट ताकाने घागरीच्या तळाशी बसलेले तांबेही विरघळवले. रसायनशास्त्र बरोबर आहे.

सर्व मुली संध्याकाळी बऱ्या झाल्या. दोघी उद्या परततील.


गुरुवार, १४ मे

कार्यालयात बैठक. उत्तमराव, हेडमास्तर, इंद्रभान, कोकिळा, मी.

मी अहवाल एक दिवस आधी दिला. दीड पान. त्यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. यंत्रातील कांड्यांवर तांब्याचा मुलामा आढळला. तोटीच्या पाण्यात तांबे लिटरला सहा मिलिग्रॅम. मुलींना झालेला त्रास त्याच्याशी जुळतो. क्लोरीनचे प्रमाण मात्र सर्व दिवस योग्य.

इंद्रभानने अहवाल दोनदा वाचला. म्हणाला, चूक माझी आहे. कांड्यांवरची लाली मी गंज समजलो होतो, घासली नाही. एवढेच. माझ्याकडे पाहिले नाही.

निर्णय : यंत्र बंद. इंद्रभानचे काम संपले. तलाव रिकामा करून पुन्हा भरायचा आणि ब्लीचिंग पावडरवर चालवायचा. आणि मुलींचे शिबिर बंद, तलाव फक्त मुलांसाठी. उत्तमराव म्हणाले, "पोरीबाळीची जोखीम कोन घेईन? तशीबी लोकं बोलूनच राह्यले होते, कोन्या घरच्या कोन्या घरच्या पोरी एका पान्यात." कोकिळा बोलायला उठली, तर त्यांनी हाताने खाली बसवले.

मग मला म्हणाले, "वानखडे बाई, तुमच्यासारखं बारीक काम कोनी करत नाही. भाऊरावाची पोर म्हणजे सोनं." माझ्या वडिलांचे नाव त्यांना ठाऊक आहे हे मला माहीत नव्हते.

मला बरे वाटायला हवे होते. पावडरीची किल्ली परत माझ्याकडे आली आहे.


रविवार, १७ मे

आई भिमाबाई गावाहून आली आहे. महिनाभर राहील. तिला तलाव पाहायचा होता. रिकामा होत होता, कमरेइतके पाणी उरले होते. तिने चप्पल काढली, पाण्यालगतच्या पायरीवर बसली आणि दोन्ही पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडले.

मग विचारले, "पोरी काऊन नाही इथं?"

मी सांगितले. तांबे, ताक, बैठक. माझी बाजूही सांगितली : चाचणी चालू असताना मध्ये बोलायचे नसते.

तिने पाण्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तुले ते तांबं पह्यल्याच दिशी दिसलं होतं ना?"

मी म्हणाले, हो.

"मंग?"

मी नियम पुन्हा सांगितला. आईला चार बुके वाचता येत नाहीत, पण माझे बोलणे तिने कधी ऐकून सोडून दिलेले नाही. ती म्हणाली, "शशे, मी घागर घेऊन बसत होतो तवा वर एक बाई असे. तिच्याजवळ दोर होता, बादली होती. तिले वाटलं तर ओते, नाही वाटलं तर पाहात बसे. ते बी कधी खोटं बोलली नाही. फक्त बोलतच नव्हती."

परत येताना मी तिला म्हणाले की दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. ती हो म्हणाली. तिचे पाय ओले होते आणि वाळूवर ठसे उमटत होते.


मंगळवार, १९ मे

कोकिळा खोलीवर आली. आईने चहा केला. खाऱ्या पाण्याचा, फाटलेला. कोकिळा तो बिनतक्रार पीत होती.

मी वाट पाहत होते की ती रागावेल. ती म्हणाली, ताई, तुमचा अहवाल खरा आहे, त्याच्यावर मले काही म्हणायचं नाही. मुलींसाठी उत्तमरावांकडे पुन्हा जायचे आहे, तुम्ही सोबत याल का, ते तुमचे ऐकतात.

मी विषय बदलला. म्हणाले, तुमचे आणि इंद्रभानचे आता लांबणीवर पडले असेल.

"काय लांबनीवर?"

मी सांगितले, लग्न.

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग इतकी हसली की कपातला चहा बशीत सांडला. हसणे थांबल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "ताई, इंद्रभानभाऊ माह्या मावशीचा पोरगा हाय. एका ताटात जेवलो आमी. त्यानं तुमच्यासाठी तो घोडा आठ दिवस घासला. मी म्हटलं, तू सांगतं का मी सांगू? तो म्हणे, आधी रिपोर्ट होऊ दे, नाहीतर बाईले वाटन का मी लाच देऊन राह्यलो." थांबून म्हणाली, "आता तो काहीच सांगत नाही. आठ जूनला भुसावळले जाते. रेल्वेच्या वर्कशॉपात ठिगळं लावाले."

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

कोकिळा निघताना मी विचारले, त्या दिवशी, एक तारखेला, यंत्र सुरू करण्याआधी त्याने ते कोणाकडून तपासून घेतले होते का? मला उत्तर माहीत होते. ती म्हणाली, तुमच्याकडूनच की. मी तिथंच होतो.


शनिवार, २३ मे

एक तारखेच्या नोंदीत आठव्या क्रमांकावर 'कोणी विचारले नाही' असे लिहिले आहे. ते खोटे आहे. या वहीत ते एकच वाक्य खोटे आहे, आणि मी ते कोणासाठी लिहिले होते हे मला सांगता येत नाही, कारण ही वही दुसरे कोणी वाचत नाही.

झाले ते असे. सात वाजून दहा मिनिटांनी इंद्रभानने मला टाक्याजवळ बोलावले. म्हणाला, "बाई, चालू कराच्या आधी तुमची नजर फिरू द्या. माह्यापेक्षा तुमाले जास्त कळते." मी वाकून पाहिले. तांबे पाहिले. तोंड उघडले होते. तेवढ्यात कोकिळा आली, ओढणीचे टोक ओले करून त्याच्या कपाळावरचा डाग पुसला, आणि तो लहान मुलासारखा मान पुढे करून उभा राहिला. मी म्हणाले, "ठीक आहे. चालू करा."

मला वाटत होते मी त्या ओढणीचा हेवा केला. आज दिवसभर विचार केला, तसे नाही. म्हणजे तेवढेच नाही. तिला विचारावे लागत नाही. डाग पुसायला, पाण्यात उतरायला, हसायला. तिला कोणी वरून ओतून दिलेले नाही. आणि ती वाईट असती तर सोपे झाले असते.

तलाव परवा पुन्हा भरला. काल मुलांची पहिली तुकडी उतरली. पावडर तीन वेळा थोडीथोडी टाकते आहे. संध्याकाळचा आकडा ०.७ आला. आमच्या वस्तीतल्या चार मुली कुंपणाच्या तारेला धरून बाहेरून पाहत होत्या. त्यांतली एक ती, जिचे डोके माझ्या मांडीवर होते. मी नमुन्याची बाटली घेऊन त्यांच्याजवळून गेले. तिने विचारले, "बाई, आता पानी साजरं झालं का?" मी हो म्हणाले. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही.


शुक्रवार, २९ मे

खाली दिलेले पत्र आज सकाळी कार्यालयात दिले. हेडमास्तरांची पोच घेतली आहे. एक प्रत इंद्रभानला, एक कोकिळाला. पत्र तीनदा लिहिले. पहिल्या दोन मसुद्यांत समजुतीच्या गोष्टी फार होत्या, त्या काढल्या. आई म्हणाली, नोकरी जाईल. मी म्हणाले, जाऊ शकते. ती म्हणाली, मग शुद्धलेखन नीट पाहून घे.

प्रति : मा. अध्यक्ष उत्तमराव व मा. मुख्याध्यापक
विषय : १४ मेच्या अहवालातील न्यून

महोदय,

माझ्या अहवालातील आकडे बरोबर आहेत. पुढील बाबी त्यात नव्हत्या.

१ मे रोजी यंत्र सुरू करण्यापूर्वी श्री. इंद्रभान यांनी ते मला तपासायला सांगितले. कांड्यांवरचे तांबे मला दिसले. त्याचा परिणाम मला माहीत होता. मी ते सांगितले नाही व यंत्र सुरू करण्यास संमती दिली. ९ मे रोजी तोटीच्या पाण्यात तांबे असल्याची माझी खात्री झाली. तेव्हाही सांगितले नाही. ११ मे रोजी बायका ते पाणी पिण्यासाठी नेण्याच्या विचारात आहेत हे मला समजले. मी 'पिऊ नका' म्हणाले, पण कारण सांगितले नाही व पाटी लावून घेतली नाही. रुखमाबाईंचा दोष नाही. कारण न सांगता केलेली मनाई पाळावी असे त्यांच्या अनुभवात काही नव्हते.

माझ्या गप्प राहण्याचे कारण तांत्रिक नव्हते. ते वैयक्तिक होते आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

दोन्ही रीतींविषयी माझे मत असे : क्लोरीन दोन्हीत एकच आहे. आपल्या विहिरीच्या पाण्यात मीठ आधीच आहे, म्हणून यंत्राची रीत इथे अधिक सोयीची आहे व डोळ्यांना कमी त्रासाची आहे. पावडरही योग्य रीतीने, दिवसातून तीनदा दिली तर चालते. एप्रिलमध्ये मी ती योग्य रीतीने दिली नाही. त्या पंधरवड्याचे आकडे पावडरीच्या नव्हे, माझ्या कामाच्या विरुद्ध धरावेत.

विनंती अशी की, कांड्यांवरचे तांबे घासून, तोटी तलावाच्या पाण्याखाली घेऊन, श्री. इंद्रभान यांना पुन्हा पंधरा दिवसांची संधी द्यावी. नमुने माझ्याऐवजी किंवा माझ्यासोबत दुसऱ्या कोणी तपासावेत. मुलींचे शिबिर ज्या कारणाने बंद केले ते कारण पाण्यात नव्हते, माझ्यात होते. म्हणून ते सर्व मुलींसाठी, कोणत्याही घरच्या असोत, पुन्हा सुरू करावे. माझ्या नोकरीबाबत संस्था घेईल तो निर्णय मला मान्य राहील. तो या विनंतीशी जोडू नये.

श्री. इंद्रभान ८ जूनला भुसावळला रुजू होणार आहेत. त्यामुळे कृपया शनिवार, दिनांक ६ जून १९७० रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी उत्तर द्यावे.

शशिकला भाऊराव वानखडे